तेल आणि पाणी एकत्र ठेवणाऱ्या घटकाविषयी बचत गटांच्या भगिनींना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यात चेहऱ्याची व अंगाची क्रीम, लोशन बनवून विकणाऱ्या महिला बचत गटांच्या सर्व भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या आधी गंगापूर रोडवर भरलेल्या एका प्रदर्शनातून मी कोरफडीच्या क्रीमची ५० ग्रॅमची बरणी विकत घेतली. बरणीवर सुबक चिठ्ठी होती आणि तिच्यावर ‘केमिकल-फ्री, इमल्सिफायर-फ्री, प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ असे हिरव्या शाईत छापले होते. घटकांच्या जागी ‘कोरफड, खोबरेल तेल, मेण, गुलाबपाणी आणि भरपूर माया’ एवढेच होते. विकणाऱ्या बाईंनी ती मोठ्या अभिमानाने माझ्या हातात ठेवली आणि तो अभिमान खोटा नव्हता, कारण क्रीम खरोखरच पांढरीशुभ्र, मऊ आणि सुवासिक होती. तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडले तेव्हा वर पिवळसर तेलाचा तवंग आला होता, तळाशी पाणी साचले होते आणि बरणीच्या कडेला करड्या बुरशीचे ठिपके उमटले होते. मधल्या काळात माझी भाची ती क्रीम रोज रात्री चेहऱ्याला लावत होती. तिच्या गालांवर ज्या पुटकुळ्या उठल्या त्या क्रीममुळेच उठल्या असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही; पण बरणी बंद केल्यावर त्या महिन्याभरात बसल्या, एवढे मी पाहिले.

त्या गटाचे नाव मी इथे लिहिणार नाही आणि कोणी विचारले तरी सांगणार नाही, कारण त्यानंतर मी मुद्दाम आणखी चार ठिकाणी पाहिले आणि हीच चिठ्ठी थोड्याफार फरकाने सगळीकडे दिसली. म्हणूनच हे पत्र एका गटाला न लिहिता सगळ्यांना उघडपणे लिहीत आहे. मी कोणी अधिकारी नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे काम केले आणि त्यातली बहुतेक वर्षे ‘क्रीम फाटू नये’ या एकाच काळजीत गेली. माझे म्हणणे असे आहे की, ज्या घटकाला, म्हणजे इमल्सिफायरला, तुम्ही चिठ्ठीवरून हद्दपार केले आहे, त्याच्यावाचून तेल आणि पाणी यांची क्रीम टिकत नाही. त्याला घाबरून तो वगळला तरी गिऱ्हाइकाचे नुकसान होते आणि गुपचूप वापरून त्याचे नाव लपवले तरीही होते. तो ओळखून घ्यावा, बेताने घालावा आणि त्याचे नाव चिठ्ठीवर छापावे.

पाठ्यपुस्तकात या घटकाला पायसीकारक म्हणतात, कारखान्यात आम्ही इमल्सिफायरच म्हणायचो. नाव परके असले तरी काम तुमच्या रोजच्या ओळखीचे आहे. दूध म्हणजे पाण्यात पसरलेले स्निग्धाचे बारीक थेंब होत, आणि ते थेंब एकमेकांना चिकटून वर येऊ नयेत म्हणून प्रत्येक थेंबाभोवती निसर्गानेच एक पातळ आवरण घातलेले असते. तुम्ही विरजण लावून दही घुसळता तेव्हा ते आवरण फुटते, थेंब एकमेकांत मिसळतात आणि सगळे चित्र उलटे होते. आधी पाण्यात तेल होते, आता तेलात पाणी असते. लोण्याच्या गोळ्यात सुमारे ८० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि ते पाणी स्निग्धाच्या पोटात इतक्या बारीक थेंबांनी अडकलेले असते की हाताला ओल जाणवतही नाही. बाजारात ‘लोशन’ म्हणून जे पातळ आणि चटकन जिरणारे मिळते ते बहुधा दुधाच्या जातीचे असते, आणि हिवाळ्यात टाचांना लावायचे जे चिकट व जड मलम असते ते अनेकदा लोण्याच्या जातीचे.

द्राक्षबागेत फवारणी पाहिलेल्या भगिनींना तर याहून चांगले उदाहरण ठाऊक आहे. ज्या औषधाच्या बाटलीवर नावापुढे ‘ईसी’ अशी अक्षरे असतात ते टाकीतल्या पाण्यात ओतले की पाणी क्षणात दुधासारखे पांढरे होते. औषध तेलकट द्रावणात विरघळवलेले असते आणि त्याच बाटलीत आधीपासून इमल्सिफायर मिसळलेला असतो; तो नसता तर औषध तेलासारखे वर तरंगले असते आणि पहिल्या ओळीला नुसते पाणी, शेवटच्या ओळीला निव्वळ विष मिळाले असते.

या घटकाच्या रेणूला दोन टोके असतात. एका टोकाला पाण्याची ओढ असते, दुसऱ्याला तेलाची. तेल आणि पाणी जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर तो आडवा येऊन बसतो, एक पाय तेलात आणि एक पाण्यात ठेवतो आणि तिथला ताण उतरवतो. त्यामुळे ढवळताना मोडलेले थेंब पुन्हा जुळून येत नाहीत. क्रीममधले हे थेंब बहुधा १ ते १० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान असतात. क्रीम पांढरी दिसते ती कोणत्या रंगाने नव्हे, तर एवढ्या बारीक थेंबांवरून प्रकाश चहूकडे विखुरल्यामुळे. एवढे सगळे काम करायला १०० ग्रॅम क्रीममध्ये साधारण २ ते ६ ग्रॅम इमल्सिफायर पुरतो.

‘आमच्या आज्यांनी हे असले काही वापरले नाही’ असे मला एका बैठकीत ऐकवण्यात आले. वापरले होते, फक्त डब्यावर नाव नव्हते. भाजल्यावर चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल एकत्र फेटून लावण्याची आपल्याकडे चाल होती. त्या दोन पारदर्शक गोष्टींपासून पांढरट दाट लेप कसा तयार होतो, याचा विचार करून पाहा. निवळीतला चुना आणि तेलातली सुटी आम्ले यांच्यापासून वाटीतल्या वाटीत साबण बनतो आणि तो साबणच इमल्सिफायर होतो. (भाजल्यावर हे लावा असे मी अजिबात सांगत नाही. निवळीचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे गार पाणी सोडणे हाच पहिला उपचार आहे.) मागच्या पिढ्यांनी चेहऱ्याला लावलेल्या ‘स्नो’चेही तेच. स्टिअरिक आम्ल वितळवून त्यातले थोडेसेच अल्कलीने साबणात बदलायचे, बाकीचे मोकळे ठेवायचे, की बोटाने चोळताच दिसेनाशी होणारी क्रीम तयार होते. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही प्रात्यक्षिकात ती करावी लागते.

आयुर्वेदातले शतधौत घृत हे मात्र वेगळे आणि फार सुंदर प्रकरण आहे. तांब्याच्या भांड्यात तूप घेऊन ते पाण्याने शंभर वेळा फेटून धुतात, आणि पिवळ्या रवाळ तुपाचे पांढरे, गंधहीन, लोण्यासारखे मलम होते. वेगळा इमल्सिफायर घातलेला नसतो, पण तिथे घट्ट स्निग्ध पदार्थात थोडेसे पाणी कोंडलेले असते, आणि त्यासाठी किती तास हात चालवावा लागतो हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे. तुमच्या बरणीत याच्या नेमके उलट आहे. तिथे कोरफडीचा रस आणि गुलाबपाणी मिळून अर्ध्याहून अधिक पाणीच आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन या वैद्याने मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून जे मलम केले, त्याला पुढे ‘कोल्ड क्रीम’ हे नाव पडले, कारण मिश्रण फाटून त्यातले पाणी त्वचेवर उडताना गार वाटे. म्हणजे तुमच्या बरणीतली कृती सुमारे १८०० वर्षांची जुनी आहे आणि तिचा दोषही तेवढाच जुना आहे.

मेण हा इमल्सिफायर आहे, या गैरसमजाने सगळा घोळ केला आहे. मोबाइलवरच्या निम्म्या कृतींत मेण, खोबरेल तेल आणि कोरफड मिक्सरमध्ये फिरवायला सांगतात. मेण मिश्रण घट्ट करते. थंड होताना थेंबांना जागच्या जागी गोठवून ठेवते, आणि म्हणून पहिले आठ-दहा दिवस क्रीम झकास दिसते. जुन्या कारखानदारांनी यावर बोरॅक्सचा (टाकणखाराचा) उपाय काढला होता. मेणातल्या आम्लाशी बोरॅक्सची क्रिया होऊन साबण बनतो आणि मग क्रीम खरोखर टिकते. परंतु बोरॅक्सला युरोपात प्रजननक्षमतेला अपाय करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलेले आहे, तेव्हा ती जुनी कृती कोणी पुन्हा उकरून काढू नये. ग्लिसरीन, गवार गम, झॅन्थन गम यांच्यावरही एकट्याने तेल-पाण्याचा संसार चालत नाही. ते फार तर पाणी दाट करून थेंबांची वाट अडवतात.

क्रीम फाटणे हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. हलवून घ्या म्हटले असते. फाटलेल्या क्रीममध्ये पाणी एका जागी साठते आणि त्या पाण्यात कोरफडीची साखर असते, म्हणजे जंतूंना आयते घर आणि आयता शिधा. त्यात आपण रोज बोट बुडवतो. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. स्यूडोमोनाससारखे जीवाणू मात्र क्रीम पांढरीशुभ्र असतानाही तिच्यात वाढत असतात. त्वचेच्या क्रीमसाठीच्या भारतीय मानक ६६०८ मध्ये एका ग्रॅममागे जिवंत जंतूंची मर्यादा १००० ठरवलेली आहे. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) न घातलेली कोरफडीची क्रीम खोलीच्या तापमानाला ती मर्यादा किती दिवस पाळेल, हे कोणत्याही प्रयोगशाळेत नमुना देऊन एकदा तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आता तुमच्या भीतीकडे येते. ती सगळीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण इमल्सिफायरही एकाच स्वभावाचे नसतात.

पिंपळगाव, निफाड भागात बेदाणा करणाऱ्यांकडे ‘डिपिंग ऑइल’ असते. एक लिटर पाण्यात साधारण १५ मिलिलिटर एथिल ओलिएट आणि २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घालून केलेल्या पांढरट द्रावणात द्राक्षे काही मिनिटे बुडवतात. हे द्रावणही एक इमल्शनच, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी पसरलेले तेल. त्याने मण्याच्या सालीवरच्या मेणाच्या थराची घडी विस्कटते, आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि एरवी कितीतरी अधिक दिवस घेणारा मणी दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा होतो. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातही मृत पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे असेच स्निग्ध लिंपण असते आणि अंगातले पाणी तेच धरून ठेवते. हा सगळा थर हातापायांच्या तळव्यांखेरीज अन्यत्र जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा. जो इमल्सिफायर तेलावर जोरकस चालतो तो या लिंपणावरही चालतो, आणि मग ज्या क्रीमने त्वचा ओलसर राहावी तिनेच ती कोरडी पडते.

सोडियम लॉरिल सल्फेट हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्वचेची आग किती होते हे मोजण्याच्या चाचण्यांत मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी हाच पदार्थ वापरतात. ब्रिटनमध्ये ‘ॲक्वियस क्रीम’ नावाची स्वस्त क्रीम अनेक वर्षे कोरड्या त्वचेसाठी आणि इसबासाठी सर्रास दिली जात होती, आणि तिच्यात हा पदार्थ सुमारे १ टक्का होता. २०१० साली बाथ विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी माणसांच्या हातावर ही क्रीम चार आठवडे लावून पाहिली, तेव्हा त्वचेचा वरचा थर सुमारे १० टक्क्यांनी पातळ झालेला आढळला. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने इशारा दिला की, ही क्रीम अंगावर तशीच ठेवल्यास, विशेषतः इसब असलेल्या मुलांमध्ये, जळजळ, खाज आणि लाली येऊ शकते. ही क्रीम कोणी चोरून विकलेली नव्हती. ती अधिकृत औषधसंहितेतली होती. म्हणून इमल्सिफायरविषयी विचारलेला प्रश्न मला कधीच अडाणी वाटत नाही. फक्त तो ‘आहे की नाही’ असा न विचारता ‘कोणता आहे आणि किती आहे’ असा विचारावा.

तुमच्या गटांत फिरणाऱ्या संदेशांत आणखी दोन गोष्टी येतात. उंदरांना पॉलिसॉर्बेट ८० हा इमल्सिफायर दिल्यावर त्यांच्या आतड्यांना सूज आली, ही त्यातली पहिली. हे संशोधन खरे आहे; २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पण तिथे तो पदार्थ उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात घातला होता आणि विषय आतड्यांतल्या जीवाणूंचा होता. आइस्क्रीम आणि पावात काय असते याची चिंता करणाऱ्यांनी ते संशोधन जरूर वाचावे. गालावर लावलेल्या क्रीमबद्दल ते काही सांगत नाही. दुसरी गोष्ट १,४-डायऑक्सेनची. पॉलिसॉर्बेट, सेटिअरेथ आणि ‘पेग’ अक्षरांनी सुरू होणारे इमल्सिफायर एथिलिन ऑक्साइडपासून बनवतात आणि त्या क्रियेत १,४-डायऑक्सेन अल्प प्रमाणात तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले आहे. कच्चा माल बनवणारा चांगला कारखाना निर्वात यंत्रातून ते ओढून काढतो, आणि युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०१५ साली तयार मालात दहा लाखांत १० भाग एवढे प्रमाण सुरक्षित मानले. याचा तुमच्यापुरता अर्थ सरळ आहे. सुटा, बिननावाचा, पिशवीत बांधून दिलेला माल घेऊ नका. बनवणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक आणि विश्लेषणाचा दाखला, ज्याला व्यापारी ‘सीओए’ म्हणतात, तो मागा. दाखला मागितल्यावर दुकानदार हसला तर दुकान बदला.

खरेदीच्या वेळी जी फसगत होते तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक अपयश इथेच सुरू होते. बाजारात ‘ई-वॅक्स’ किंवा ‘इमल्सिफाइंग वॅक्स’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळे पदार्थ मिळतात. एकात सिटोस्टिअरिल अल्कोहोलबरोबर १० टक्के सोडियम लॉरिल सल्फेट असते, म्हणजे वर सांगितलेल्या ब्रिटिश क्रीमचाच कच्चा माल. दुसऱ्यात त्याऐवजी २० टक्के सिटोमॅक्रोगोल असते, आणि त्वचेवर ठेवायच्या क्रीमसाठी मी डोळे झाकून हा दुसरा घेईन. दोन्ही पांढऱ्या चकत्याच असतात. नुसते पाहून कळत नाही. तोच प्रकार जीएमएसचा, म्हणजे ग्लिसरिल मोनोस्टिअरेटचा. साधे जीएमएस एकट्याने पाण्यात तेलाची क्रीम धरून ठेवू शकत नाही. ‘एसई’ लिहिलेल्या प्रकारात थोडा साबण मिसळलेला असतो, तो धरतो. दुकानात ‘जीएमएस द्या’ म्हटले की साधे मिळते, क्रीम फाटते आणि दोष बिचाऱ्या कृतीला लागतो.

कोणता इमल्सिफायर कोणत्या कामाचा, हे ठरवायला १९४९ साली ग्रिफिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने एक सोपी मोजपट्टी दिली, तिला एचएलबी म्हणतात. शून्याकडचे तेलाच्या बाजूचे, विसाकडचे पाण्याच्या बाजूचे. ३ ते ६ असेल तर लोण्यासारखी क्रीम होते, ८ च्या पुढे दुधासारखी. साध्या जीएमएसचा आकडा सुमारे ३.८ आहे आणि पॉलिसॉर्बेट ८० चा १५. दोन टोकांचे दोन एकत्र वापरले तर थेंबाभोवतीचे आवरण एकाच्यापेक्षा घट्ट विणले जाते, आणि एकूण मात्रा कमी लागते. स्टिअरिक आम्लाचा साबण करण्यासाठी ट्रायइथेनॉलअमाइन ही अल्कली वापरणाऱ्या भगिनींनी एक पथ्य पाळावे: धुऊन न टाकायच्या मालात युरोपने त्याची मर्यादा २.५ टक्के ठेवली आहे, आणि ब्रोनोपॉलसारख्या परिरक्षकाबरोबर ते कधीही घालू नये, कारण दोघांपासून नायट्रोसअमाइन तयार होण्याचा धोका असतो.

सोयाबीनचे लेसिथिन, ऑलिव्ह तेलापासून केलेले किंवा साखरेपासून केलेले इमल्सिफायर महाग असले तरी चांगले आणि त्वचेला सौम्य असतात. परवडत असतील तर जरूर घ्यावेत. तेही कारखान्यातच बनतात, एवढे लक्षात असू द्यावे. आणि सिटोस्टिअरिल ‘अल्कोहोल’ हे नावापुरतेच अल्कोहोल आहे; ते मेणासारखे घट्ट असते आणि त्वचेला कोरडे करत नाही. क्वचित कोणाला त्याची ॲलर्जी असते, जशी लोकरीच्या मेणाचीही काहींना असते, आणि नेमक्या त्या बाईसाठीच चिठ्ठीवर नाव छापायचे असते.

परिरक्षकाचा विषय या पत्रात ओझरताच येईल, पण इमल्सिफायरशी त्याचे भांडण असते ते सांगितलेच पाहिजे. पॉलिसॉर्बेट ८० पॅराबेन्स जातीच्या परिरक्षकांना स्वतःकडे ओढून निकामी करते. जंतू तपासणाऱ्या प्रयोगशाळांत नमुन्यातले परिरक्षक मारण्यासाठी मुद्दाम तेच वापरतात. साबणाच्या जातीची क्रीम केली की तिचा सामू ८ च्या घरात जातो, आणि सोडियम बेंझोएट तर ५ च्या खालीच नीट काम करते. म्हणजे परिरक्षक घातले, पैसे गेले आणि जंतू जिथल्या तिथे. सिटोमॅक्रोगोल वॅक्सची क्रीम करणाऱ्यांनी १०० ग्रॅममध्ये पाणी ७०, तेल २०, वॅक्स ६, ग्लिसरीन ३ आणि फिनॉक्सिएथॅनॉलवर आधारलेले परिरक्षक १ अशा मापाने सुरुवात करावी. तेल-वॅक्स आणि पाणी दोन्ही वेगवेगळे ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून मगच एकत्र करावे, गार होईपर्यंत ढवळणे थांबवू नये, आणि ४० अंशांच्या खाली आल्यावर परिरक्षक व सुगंध घालावा. गरम तेलात थंड कोरफड ओतण्याची घाई केली की वॅक्सच्या गाठी होतात. माझ्या पहिल्या नोकरीतला पहिला घाणा मी असाच घालवला होता, ५० किलोंचा.

आपल्या जिल्ह्याचे हवामान हीच एक कसोटी आहे. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात शहरात तो चाळिशीला टेकतो. खोबरेल तेल २४ अंशांना गोठते आणि वितळते, म्हणजे तुमच्या क्रीममधले तेल वर्षभर घट्ट-पातळ होत राहते. कारखान्यात आम्ही नमुने ४५ अंशांना तीन महिने ठेवायचो. तुमच्याकडे तशी पेटी नसेल, तर एक बरणी रात्री बर्फाच्या कप्प्यात आणि दिवसा उन्हाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात, अशी सहा फेऱ्यांत ठेवून पाहा. जी फाटायची ती तिथेच फाटेल आणि गिऱ्हाइकाच्या घरी फाटणार नाही. तयार क्रीम त्वचेला सोसते का हे पाहण्यासाठी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून पाहावी. एकदा हातावर चोळून ‘काही झाले नाही’ म्हणणे ही तपासणी नव्हे. तान्ह्या बाळांसाठी आणि इसबासाठी म्हणून क्रीम विकणे तूर्त थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोललेल्या त्वचेतून पदार्थ आत जातात ते वेगळ्याच वेगाने, आणि तिथे घरगुती अंदाज चालत नाही.

कायद्याचे थोडक्यात लिहिते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी क्रीम बनवायला परवाना लागतो, आणि तो आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वतःची जागा नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल करून घेण्याचा ‘लोन लायसन्स’चा मार्ग आहे, आणि चार-पाच गटांनी मिळून तो घेणे मला सर्वांत व्यवहारी वाटते. चिठ्ठीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख आणि घटकांची यादी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारा दावा करता येत नाही. ‘केमिकल-फ्री’ हा दावा मला त्याच जातीचा वाटतो, कारण कोरफडीच्या गरातले पाणीही रसायनच आहे. आणि ‘इमल्सिफायर-फ्री’ असे ज्या एकजीव, पांढऱ्या, पाणीदार क्रीमवर लिहिले आहे, तिथे एक तर चिठ्ठी खोटी आहे किंवा क्रीम फाटायची बाकी आहे. ज्यांना खरोखर इमल्सिफायर नको असेल त्यांनी पाणी वगळावे. तेल, मेण आणि तूप यांचा कोरडा बाम करावा. त्याला इमल्सिफायर लागत नाही, पाणी नसल्याने जंतूंचीही फारशी भीती उरत नाही, आणि तिथे ती चिठ्ठी शब्दशः खरी ठरते.

२०२७च्या सिंहस्थात बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी माल करण्याची तयारी अनेक गटांनी सुरू केली आहे, असे ऐकते. त्या बरण्या नाशिकच्या नावाने कुठल्या कुठे जातील आणि महिन्या-दोन महिन्यांनी परक्या गावात उघडल्या जातील, तेव्हा तक्रार ऐकायला आपण तिथे नसू. म्हणून हे पत्र आताच लिहिले.

प्रदर्शनातली ती कोरफडीची बरणी मी टाकलेली नाही. घट्ट झाकण लावून, तारीख लिहून ठेवली आहे. ती जिची असेल तिने संकोच न करता यावे. बरोबर तिची कोरफड आणि तेल आणावे. सिटोमॅक्रोगोल वॅक्स, थर्मामीटर आणि सामू मोजायच्या पट्ट्या माझ्याकडे आहेत. एक घाणा तिच्या कृतीने आणि एक सहा ग्रॅम वॅक्स घालून करू, दोन्हीवर चिठ्ठ्या लावू आणि मे महिनाभर माझ्या गच्चीवर शेजारी शेजारी ठेवू.

आपली,
सौंदर्यप्रसाधन उद्योगातून निवृत्त झालेली एक रसायनतज्ज्ञ,
इंदिरानगर, नाशिक